वाचकांचे प्रश्न : नॉनव्हेज कमी केलं तरी बिल तेवढंच का येतं?

घरखर्चाबद्दल प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं जेवणाच्या खर्चाचीच आली. बहुतेकांनी मटण-मासे कमी करून व्हेज वाढवायचं ठरवलंय आणि कुठेतरी अडकलेत. त्यातली काही पत्रं इथे घेतेय, नावं अर्थातच काढून.

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं पाच जणांचं घर, मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं, एक नववीत एक पाचवीत. मूळचे कोल्हापूर साइडचे, राहतो पिंपरीत. रविवारी मटण, बुधवारी चिकन आणि शुक्रवारी अंडी नाहीतर मासे हे ठरलेलंच असायचं. आता मटण किलोला आठशेच्या घरात गेलं, मुलांच्या क्लासची फी वाढली, म्हणून बुधवार-शुक्रवारचं नॉनव्हेज बंद केलं. पण महिन्याचा हिशोब बघितला तर फरक अगदीच थोडा. साधी भाजी केली की मुलं तोंड वाकडं करतात म्हणून मी पनीर बटर मसाला नाहीतर मशरूम करते, कधी चीज घालून काहीतरी. आणि तरी रात्री काहीतरी मागवलं जातंच. मग एवढं करून उपयोग काय?

उत्तर : उपयोग आहे हो, फक्त चिकनच्या जागी पनीर आणलंत तिथे सगळा हिशोब फसला. नुसता किलोचा भाव बघून हे कळत नाही, त्यातून प्रोटीन किती मिळतं ते बघावं लागतं कारण मटण-चिकन आपण मुख्य त्यासाठीच खातो ना. गोल आकडे धरून सांगते, तुम्ही तुमच्या दुकानातले भाव घालून बघा.

मटण ८०० रुपये किलो, त्यातली हाडं वगळली तर खायला साधारण पाऊण किलो उरतं आणि त्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे एका ग्रॅमला पाच-साडेपाच रुपये पडले. चिकन २६० धरलं तर एका ग्रॅमला दोनेक रुपये. आता पनीर बघा, ४०० रुपये किलो आणि १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १८ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन रुपये, चिकनपेक्षाही जरा महागच! वर त्याच्या ग्रेव्हीला काजू, बटर, क्रीम लागतं ते वेगळं. मशरूममध्ये तर बहुतेक पाणीच, १०० ग्रॅमला तीनेक ग्रॅम प्रोटीन, ते चवीसाठी खावं, पोटासाठी नाही.

याच्या उलट तूरडाळ १४० रुपये किलो धरली आणि १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन, तर एक ग्रॅम पडतो ६५ पैशांच्या आत. मटकी, मूग, मसूर, हरभरा हे सगळे ४५ ते ६० पैशांत बसतात, शेंगदाणेही तिथेच. सोयाबीनच्या वड्या तर ३० पैशांत. आणि अंडं ७ रुपयांचं, ६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे सव्वा रुपयाच्या आत. म्हणून शुक्रवारची अंडी बंद केलीत ती आधी परत सुरू करा, अंडा करीने तुमचं बजेट कधीच बिघडत नव्हतं.

आता मुलांच्या तोंडाचं. साधी भाजी म्हणजे तुम्ही दोडका नाहीतर कोबी करत असणार आणि ज्या मुलांना बुधवारी तांबडं काहीतरी खायची सवय आहे त्यांना ते कसं चालेल, मग रात्री आठला फोन काढून मागवणं होणारच. त्यांना रस्सा हवाय, तो द्या ना. तुम्ही कोल्हापूरच्या आहात, कांदा-लसूण मसाला घरात असणारच, आणि तुमच्याच भागात सांगली-इस्लामपूरच्या ढाब्यांवर लोक गाडी थांबवून अख्खा मसूर खातात, तो घरी का नाही करायचा!

पाव किलो मसूर पाच जणांना पुरतो. दोन तास भिजवायचा, मीठ-हळद घालून कुकरला एखाद-दुसरीच शिट्टी, दाणा शिजला पाहिजे पण फुटता कामा नये, गाळ झाला की ती मसुराची आमटी होते आणि मुलं परत नाक मुरडतात. मग तेल जरा सढळ हाताने घेऊन जिरं, तमालपत्र, बारीक चिरलेले दोन मोठे कांदे, आणि हा कांदा घाई न करता चांगला तांबूस होईपर्यंत परतायचा, इथेच सगळी चव आहे. त्यात आलं-लसूण, टोमॅटो, भाजलेल्या खोबऱ्याचं थोडं वाटण, कांदा-लसूण मसाला, तेल सुटलं की मसूर त्याच्या पाण्यासकट ओतायचा आणि मंद गॅसवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. वरून कोथिंबीर, बाजूला कांदा-लिंबू आणि गरम भाकरी. मसूर २५ रुपयांचा, बाकी सगळं धरून साठ-सत्तर रुपयांत पाच जणं पोटभर जेवतात. चारशे ग्रॅम पनीर नुसतंच १६० रुपयांचं होतं, म्हणजे आठवड्यातून दोनदा पनीरऐवजी असं काही केलंत तर महिन्याला हजाराच्या आसपास इथेच वाचले, आणि मागवणं थांबलं तर त्याच्या किती तरी जास्त.

पुढच्या बुधवारी मोडाच्या मटकीची मिसळ करा, त्याच्या पुढे डाळवांगं, कधी डुबुकवड्या, कधी शेंगोळे. झणझणीत पिठलं-भाकरी-ठेचा तर मुलं मागून खातात, फक्त ते उरलंसुरलं असल्यासारखं वाढू नका, गरम गरम, सगळ्यांना एकत्र बसवून वाढा.

आणि एक, रविवारचं मटण अजिबात बंद करू नका. तो घरातला एकत्र जेवायचा दिवस आहे, सासूबाईंनाही त्याचीच वाट असते. किलोच्या जागी अर्धा-पाऊण किलो आणा, रस्सा भरपूर करा, त्यात बटाटा टाका, तांबड्याबरोबर पांढराही करा, कमी पडल्यासारखं कोणालाच वाटणार नाही.

प्रश्न : आम्ही मालवणकडचे, डोंबिवलीत राहतो. सासरे ७४ वर्षांचे आहेत, त्यांना ताटात मासा नसला की ते जेवतच नाहीत नीट, दोन घास खाऊन उठतात. सुरमई-पापलेट आता हात लावायच्या पलीकडे गेलेत. त्यांना दुखवायचं नाहीये पण रोज जमतही नाहीये, काय करू?

उत्तर : आधी हे सांगते की या वयात माणूस दोन घास खाऊन उठतो हे पैशांपेक्षा जास्त काळजीचं आहे, त्यामुळे त्यांचा मासा तोडायचा नाही, बाकीच्यांचा कमी करायचा आणि त्यांचा बदलायचा. सुरमई-पापलेटचा हट्ट सोडा, बांगडा आणि तारली पौष्टिकपणात कुठेही कमी नाहीत, उलट ओमेगा-३ सारखी चांगली चरबी यांच्यातच भरपूर असते, आणि स्वस्त. एक बांगडा सासऱ्यांना पुरतो. तारलीला काटे बारीक असतात तेवढं सांभाळून द्या.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा जे ताजं म्हणून मिळतं ते एकतर महाग नाहीतर बर्फातलं. जुन्या लोकांनी यासाठीच एप्रिल-मेमध्ये सुकं भरून ठेवायची पद्धत पाडली, सुके बांगडे, जवळा, सोडे, सुकट. हे तुमच्या सासऱ्यांना माहीत असणारच, त्यांनाच बाजारात सोबत न्या, सुकं पारखून कसं घ्यायचं ते सांगतील आणि त्यांना बरंही वाटेल. सुक्या माशाची गंमत अशी की मूठभरात सगळ्या भाजीला चव येते, वांग्या-बटाट्यात सुकट, शेवग्याच्या शेंगांत सोडे, भातात सोडे घातले की खिचडी. म्हणजे ताटात नव्वद टक्के भाजी-भात पण जेवण माशाचंच. फक्त त्यांना बीपी असेल तर सुकं वारंवार नको, त्यात मीठ खूप असतं, कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवून मगच घ्या आणि भाजीत वेगळं मीठ घालायच्या आधी चाखून बघा.

आणि मालवणी म्हणजे फक्त मासे असं थोडंच आहे! काळ्या वाटाण्याचं सांबार, त्याच भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचं आणि मालवणी मसाल्याचं, सोबत आंबोळी किंवा वडे, हे त्यांनी लहानपणापासून खाल्लेलं आहे. कुळथाची पिठी आणि मऊ भात तर या वयाला फार चांगला, पचायला हलका, दहा मिनिटांत होतो, बाजूला निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजलेला सुक्या बांगड्याचा एक तुकडा ठेवा, बघा सगळा भात संपवतील. डाळिंब्यांची उसळ, श्रावणात अळूचं फतफतं, फणस निघाला की कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. त्यांच्या तोंडाची चव ओळखीची राहिली की झालं. सोलकढी रोज द्या, नारळ महाग झालाय त्यामुळे दूध पातळ काढा, चालतं.

प्रश्न : हाय, मी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, चौघं मिळून फ्लॅटवर राहतो आणि आळीपाळीने स्वयंपाक करतो. मी जिमला जातो, वजन ६८ किलो. ट्रेनर म्हणतो रोज अर्धा किलो चिकन नाहीतर पावडर घे, दोन्ही परवडत नाही. डाळ-भातावर बॉडी बनते का खरंच?

उत्तर : नुसत्या डाळ-भातावर नाही पण तुझ्या बजेटमध्ये नक्की बनते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे ना, तिने २०२० मध्ये जे प्रमाण दिलं त्यात साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, तुझ्या वजनाला ते झालं ५६ ग्रॅम. तू वजनं उचलतोस म्हणून किलोमागे दीड ग्रॅम धरू, म्हणजे १०२ च्या आसपास.

आता मोज. सकाळी दोन अंडी १२, दिवसभरात अर्धा लिटर दूध किंवा दही १६, पोळ्यांची २०० ग्रॅम कणीक २२, शंभर ग्रॅम तांदूळ ७, साठ ग्रॅम डाळ किंवा कडधान्य (कोरडं मोजून) १३, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे ७, आणि पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या २६. झाले १०३. यात चिकन कुठेच नाही. अंडी, दूध, डाळ, दाणे, सोया सगळं मिळून दिवसाला साठ-सत्तर रुपये होतात, कणीक-तांदूळ तर तुमच्या चौघांच्या कॉमन खर्चात आहेच.

गव्हा-तांदळाचं प्रोटीन आणि डाळीचं प्रोटीन वेगवेगळं अर्धवट असतं, धान्यात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, पण दिवसभरात दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून वरण-भात, उसळ-भाकरी, थालीपीठ ही जोडी आहे. फक्त तुमच्या फ्लॅटवर जे पिवळं पाणी वरण म्हणून होत असेल त्यात डाळ किती असते ते बघ बाबा, चौघांत एक वाटी डाळ असेल तर वाट्याला काहीच येत नाही. घट्ट करा.

सोया आवडत नाही असं बरेच जण म्हणतात ते वासामुळे. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेव, थंड पाण्याखाली धर, घट्ट पिळ, परत स्वच्छ पाण्यात बुडवून परत पिळ. एवढं केलं की वास जातो आणि पिळलेली वडी मसाला ओढून घेते. त्याचा दाणा मिळतो तो घेऊन मटार, कांदा-टोमॅटो, गरम मसाला घालून खिमा कर, पावाबरोबर, तुझे मित्रही खातील. पावडर घ्यायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या घरी पैशांची ओढाताण आहे म्हणून सहा महिने झाले पूर्ण शाकाहार सुरू केलाय, अंडीसुद्धा नाहीत. मुलगी १५ वर्षांची, सारखी दमते, तपासलं तर हिमोग्लोबिन ९.६. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. पालक, बीट रोज देते. अजून काय देऊ?

उत्तर : ताई, काटकसर बाकी कशातही करा, या मुलीच्या ताटातून नका करू, हे मी हात जोडून सांगते. या वयात हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, ९.६ म्हणजे बरंच कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ५७ जणींना ॲनिमिया निघाला होता, त्यामुळे दमते म्हणजे अभ्यासाचा ताण असं म्हणून बसू नका. गोळ्या पूर्ण कोर्स होईपर्यंत द्यायच्या, मध्येच बरं वाटलं म्हणून थांबवायच्या नाहीत आणि सांगितलेल्या तारखेला परत तपासायचं.

पालक आणि बीट रंगामुळे लोक देतात पण पालकातलं लोह अंगाला फारच थोडं लागतं. भाजी-डाळीतलं लोह एकूणच कमी शोषलं जातं, त्याला मदत लागते, आणि ती मदत म्हणजे लिंबू. मोडाच्या उसळीवर लिंबू पिळा, जेवणात कच्चा टोमॅटो, आवळा, पेरू द्या. मोड आणल्यानेही फायदा होतो कारण कडधान्यातलं लोह अडवून ठेवणारे घटक कमी होतात. जेवताना किंवा जेवल्यावर लगेच चहा अजिबात नको, एक-दीड तास जाऊ द्या, आणि गोळीही चहा-दुधाबरोबर नको. अळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, तीळ, हे सुरू करा. लोखंडी कढईत किंवा तव्यावर भाज्या केल्या तर तेवढंच जास्तीचं लोह मिळतं.

पण तुम्ही मुळात मांसाहारी आहात, धर्माची किंवा मनाची आडकाठी नाही, फक्त पैशांसाठी बंद केलंय, तर मग चिकनची कलेजी आणा. ती चिकनपेक्षाही स्वस्त मिळते आणि त्यातलं लोह शरीराला सहज लागतं, बी-१२ पण त्यातच. आठवड्यातून एकदा तिच्यासाठी पाव किलो बस झाली, मिरी-लसूण-कांद्यावर परतायची, दहा मिनिटांचं काम. आणि अंडी परत सुरू करा, सगळ्यांसाठीच. बी-१२ डाळी-भाज्यांत नसतंच, दूध-दही-अंडी-मांस यांतूनच येतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारून मुलीचं बी-१२ पण तपासून घ्या. घराचे पैसे तेल-साखर-बिस्किटं-फरसाण यांतून वाचवा, तिथे वाचण्यासारखं बरंच असतं.

प्रश्न : कडधान्य वाढवली की घरात सगळ्यांची पोटं फुगतात, मिस्टर तर आता उसळ म्हटलं की चिडतात. उपाय?

उत्तर : एकदम वाढवलीत म्हणून. पोटाला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, सुरुवात मूग, मसूर आणि मटकीने करा, वाल-हरभरा-छोले-राजमा नंतर. आठ-दहा तास भिजवा, भिजवलेलं पाणी फेका (त्यात जीवनसत्त्वं असतात म्हणून ठेवू नका, ज्यांना त्रास होतो त्यांनी फेकलेलंच बरं), नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. अर्धकच्ची उसळ हे पोट फुगायचं मोठं कारण आहे. राजमा तर नीट उकळलेलाच हवा, कच्चट राहिला तर उलट्या-जुलाब होतात. फोडणीत हिंग, वरून आलं, वालाला ओवा. रात्री उसळ नको, दुपारी ठेवा, रात्री मुगाची खिचडी.

भिजवल्याचा दुसरा फायदा स्वयंपाकाच्या गॅसचा. कोरडा हरभरा कुकरमध्ये टाकून शिट्ट्या मोजत बसण्यापेक्षा भिजवलेला निम्म्या वेळात होतो, आणि एकाच कुकरमध्ये खाली हरभरा, वरच्या डब्यात भात असं लावलं तर अजून वाचतं.

प्रश्न : स्वस्तात मिळतात म्हणून डाळी एकदम घेतल्या आणि सगळ्यांना पोरकिडे लागले. वर्षाचं भरणं आता सोडून द्यावं का?

उत्तर : जागा आणि ऊन दोन्ही असेल तरच वर्षाचं भरा, फ्लॅटमध्ये तीन महिन्यांचं पुष्कळ. कधी घ्यायचं ते मात्र बघा, मूग-उडदाचं नवं पीक सप्टेंबरच्या सुमारास येतं, तुरीचं डिसेंबर-जानेवारीपासून आणि हरभऱ्याचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा लातूरसारख्या बाजारात आवक वाढते आणि आपल्याकडेही भाव जरा नरम असतात. चार-पाच घरं मिळून पोतं घेतलं तर वाणसामानाच्या दुकानापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

आणलं की कडक उन्हात पसरून दोन दिवस वाळवा, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलं तर आत वाफ धरते. तूरडाळीला किलोमागे छोटा चमचाभर एरंडेल हाताने चोळा, वापरताना कोमट पाण्याने धुतलं की जातं. मटकी-मूग-चवळीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला. ऊन मिळत नसेल तर थोडं थोडं कडधान्य पिशवीत बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग पिशवी न उघडता बाहेर काढून रूमच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यावर पाणी सुटतं. आता जे किडलंय त्यातलं ज्याचं नुसतं पीठ झालंय ते टाकून द्या, बाकीचं चाळून उन्हात घाला आणि आधी तेच संपवा, डबा मात्र धुवून पूर्ण कोरडा केल्याशिवाय नवीन त्यात भरू नका.